हिमघाटांतील चाक आणि साखळी

चाक हा मनुष्याच्या बुद्धीचा फार जुना विजय होय. परंतु हा विजय एका अटीवर मिळालेला आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती अट अशी कीं, खालच्या भूमीनें चाकाला धरलें पाहिजे. भूमि चाकाला धरते म्हणून गाडी पुढें जाते, आणि तीच धरते म्हणून गाडी थांबते. ज्या प्रदेशांत उन्हाळा, पावसाळा आणि सौम्य हिंवाळा एवढेच ऋतु, तेथें ही अट बहुधा आपोआप पाळली जाते. फार तर पावसाळ्यांतल्या चिखलांत बैलगाडीचें चाक रुतलें म्हणजे तिची आठवण होते; मग दगड, फांद्या, गोणपाट, जें हातीं लागेल तें चाकाखालीं घालून गाडी बाहेर काढतात. परंतु ज्या देशांत वर्षांतून चार-पांच महिने घाटरस्ते हिमाखालीं जातात, तेथें भूमीनें चाकाला धरणें ही गोष्ट गृहीत धरतां येत नाहीं. ती मुद्दाम करून घ्यावी लागते. चाकाला गुंडाळावयाची लोखंडी साखळी हें ती करून घेण्याचें एक साधें साधन आहे. या साधनाचा इतिहास सव्वाशें वर्षांच्या आंतलाच. तरी त्यांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो नुसत्या लोखंडाचा नाहीं. वाट एकाची, गाडी दुसऱ्याची आणि हांकणारा तिसरा, असें झालें म्हणजे सुरक्षिततेचा भार कोणी वाहावयाचा, हा तो प्रश्न होय.

प्रथम या साधनाचें कार्य कोणतें, तें पाहिलें पाहिजे. कोरड्या पक्क्या रस्त्यावर रबरी टायर आपल्यावरील भाराच्या सुमारें सात दशांश इतका जोर घसरल्यावांचून सोसूं शकतो. दाबलेल्या हिमावर हें प्रमाण सुमारें दोन दशांशांवर येतें, आणि गुळगुळीत बर्फावर एक दशांशाच्या आसपास. नुसत्या अपूर्णांकांनीं याचा अर्थ मनावर ठसत नाहीं. म्हणून तो अंतरांत मोजून पाहावा. ताशीं २५ मैल वेगानें चाललेली मोटार ब्रेक लागल्यानंतर कोरड्या रस्त्यावर सुमारें ३० फुटांत थांबते. हिमावर तिला सुमारें १०० फूट लागतात आणि बर्फावर सुमारें २००. ही झाली सपाटीवरची गोष्ट. रस्त्याला दहांस एक असा उतार असेल, तर बर्फावरची सगळी पकड गाडीचा वेग वाढूं न देण्यांतच खर्च होते. तिला थांबविण्यासाठीं कांहीं शिल्लक राहत नाहीं. साखळी येथें काय करते? गाडीचा जो भार टायरच्या रुंद आणि मऊ तळव्यावर पसरलेला असतो, तो ती थोड्याशा लोखंडी कडांवर एकवटते. त्या कडा हिमांत रुततात, बर्फावर ओरखडे काढतात आणि चाकाला पाय रोंवण्यास जागा करून देतात. थंड देशांत हिंवाळा आला म्हणजे घोड्याच्या नालांना टोंकदार खिळे बसवीत, त्यांतही हेंच तत्त्व होतें.

या साधनाचा इतिहास समजण्यास एकच घाट निवडला तरी पुरे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्निया हें पश्चिम किनाऱ्यावरील संस्थान. त्याच्या पूर्वभागीं सिएरा नेव्हाडा नांवाची पर्वतरांग उभी आहे. या स्पॅनिश नांवाचा अर्थच हिमाच्छादित पर्वतराजि असा होतो. सह्याद्रि जसा नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे अडवून कोंकणावर आणि घाटमाथ्यावर पाऊस पाडतो, तशीच ही रांग प्रशांत महासागरावरून येणारे ओले वारे हिंवाळ्यांत अडविते. फरक इतकाच कीं, तेथें माथ्यावर पावसाऐवजीं बहुधा हिम पडतें. या रांगेंतील डॉनर नांवाची सुप्रसिद्ध खिंड सुमारें ७,००० फूट उंचीवर आहे, आणि तिच्या परिसरांत एका हिंवाळ्यांत पडणारें हिम सरासरीनें ३० फुटांच्या आसपास भरतें.

खिंडीला हें नांव पडलें तें एका शोककथेमुळें. १८४६ सालीं कॅलिफोर्नियांत वस्ती करण्याच्या इच्छेनें कित्येक कुटुंबांचा एक तांडा बैलगाड्यांतून पूर्वेकडून निघाला. जवळची म्हणून सांगितलेली एक नवी वाट धरल्यामुळें त्याचे अनेक दिवस वायां गेले, आणि तो सिएरा पर्वताशीं पोंचला तेव्हां हिम पडूं लागलें होतें. सुमारें ऐंशीं माणसें खिंडीच्या अलीकडे अडकलीं. बैल मेले, अन्न संपलें. पलीकडून पहिलें मदत-पथक येऊन पोंचण्यास १८४७ चा फेब्रुवारी उजाडला. तांड्यांतील निम्म्याच्या आसपास माणसें या प्रवासांत प्राणांस मुकलीं. डॉनर हें त्या तांड्यांतील एका कुटुंबाचें नांव. तेव्हां या खिंडीवर ना राखणदार होता, ना नियम, ना कोणाला विचारण्याची सोय. हिंवाळ्यांत घाट चढूं नये, एवढाच धडा लोकांनीं त्यांतून घेतला, आणि त्या काळीं दुसरा धडा घेण्याजोगें साधनही नव्हतें.

पुढें १८६९ सालीं पूर्वेकडील लोहमार्गांना कॅलिफोर्नियाशीं जोडणारा मार्ग पुरा झाला, तो याच खिंडीवरून नेलेला होता. कठीण खडक फोडून बोगदे पाडले, आणि उघड्या जागीं मैलचे मैल लांकडी छपरें उभारून रुळांवर हिम सांचणार नाहीं अशी तजवीज केली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रूळ कंपनीचे, गाडी कंपनीची आणि ती हांकणाराही कंपनीचाच नोकर. म्हणून हिमाशीं झुंजण्याचें काम कोणाचें, असा प्रश्नच तेथें उद्भवत नव्हता. उतारू तिकीट काढून गाडींत बसला कीं त्याची चिंता संपली.

हा प्रश्न उत्पन्न केला तो मोटारीनें. आणि मोटारीच्या मागें होता रबरी टायर. बैलगाडीच्या किंवा घोडागाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवा भरलेला रबरी टायर बनविला, आणि थोड्याच वर्षांत तो मोटारीच्या चाकावर चढला. त्यामुळें बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होण्याचीं थांबलीं खरीं. परंतु आरंभींच्या टायरांचा पृष्ठभाग गुळगुळीत असे. चिखल असो वा हिम, असा टायर जागच्या जागीं गरगर फिरत राही. मोटारवाले मग टायरला दोरखंड गुंडाळीत, कोणी वेलीही गुंडाळीत. न्यूयॉर्क संस्थानांतील कॅनॅस्टोटा या गांवच्या हॅरी वीड नांवाच्या गृहस्थाला हेंच पाहून साखळीची कल्पना सुचली, असें सांगतात. दोरीऐवजीं लोखंडी कड्या वापरल्या तर त्या झिजून तुटणार नाहींत, हा त्याचा साधा विचार. २३ ऑगस्ट १९०४ रोजीं त्याला या युक्तीचें पेटंट मिळालें.

वीडच्या युक्तींतील मर्म समजण्यासारखें आहे. चाकाच्या आंतल्या आणि बाहेरच्या अंगानें एकेक गोल साखळी. आणि त्या दोहोंना जोडणारे, टायरच्या तळव्यावरून आडवे जाणारे साखळ्यांचे तुकडे. चाकाला भोंक पाडावयाचें नाहीं, खिळा ठोकावयाचा नाहीं. टायरमधील हवेच्या फुगीरपणानेंच ती जाळी जागच्या जागीं राहावी आणि काम झालें कीं काढून पेटींत ठेवतां यावी, अशी ती रचना. पुष्कळ साखळ्यांची मूळ घडण अजूनही हीच आहे. पुढें आडव्या तुकड्यांऐवजीं चौकटीची नक्षी आली, जाड कड्यांऐवजीं तारेच्या दोऱ्या आल्या, कापडी वेष्टनेंही आलीं. परंतु काढतां-घालतां येणारा पाय, ही मूळ कल्पना बदलली नाहीं. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील चिखलांतून चालणाऱ्या लष्करी ट्रकांनाही अशाच साखळ्यांचा आधार मिळाला. टायरवाल्यांनीही आपल्या परीनें प्रयत्न चालविले होते. १९०८ सालीं फायरस्टोन कंपनीनें न घसरणारा म्हणून एक टायर काढला. त्याच्या तळव्यावर ‘नॉन-स्किड’ हीं अक्षरेंच उठावदार उमटविलेलीं होतीं, आणि तींच रस्त्याला धरीत. पुढें १९३४ सालीं फिनलंडमध्यें ट्रकांसाठीं आणि १९३६ सालीं लहान मोटारींसाठीं खास हिंवाळी टायर निघाले. तरीही हिम खोल आणि चढ उभा असला म्हणजे साखळीवांचून गत्यंतर नसे.

या पहिल्या काळांत साखळीमुळें तंटा असा कांहीं नव्हता. मोटार श्रीमंताची असो वा डॉक्टरची, ती ज्याची त्याचीच असे. साखळी त्यानेंच विकत घ्यावयाची, त्यानें किंवा त्याच्या ड्रायव्हरनें ती बसवावयाची. आणि एखादी कडी तुटून चिखलरोधक पत्र्याला पोंचा आला, तर तो खर्चही त्यानेंच सोसावयाचा. लाभ आणि नुकसान एकाच घरांत राहत. शिवाय त्या काळचीं चाकें उंच आणि उघडीं असत. त्यांच्याभोंवतीं इतकी मोकळी जागा असे कीं, साखळी थोडी सैल झाली तरी ती आदळण्यास जवळपास कांहीं नसे.

यानंतर दोन बदल शेजारीं शेजारीं घडत गेले. पहिला बदल रस्त्याचा. १९१३ सालीं न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत लिंकन महामार्गाची आंखणी झाली, आणि त्याची मुख्य वाट डॉनर खिंडीवरूनच गेली. १९२६ सालीं या खिंडींत कमानीचा नवा काँक्रीट पूल पुरा झाला. आरंभीं हिंवाळा आला कीं हा घाट बंद होई आणि वसंतांत हिम वितळलें कीं उघडे. परंतु १९३० नंतरच्या वर्षांत हिम कापून दूर फेंकणारीं यंत्रें आणून बाराही महिने रस्ता वाहता ठेवण्याचा उद्योग सुरू झाला. याच संस्थानांतील योसेमिटी या प्रसिद्ध दरींत जाण्यासाठीं १९२६ सालीं खालच्या पातळीवरून, नदीकांठानें, बारमाही रस्ता उघडला होता. हिम हें केवळ संकट न राहतां सहलीचें आकर्षण झालें. शहरांतील कुटुंबें पायांना लांकडी पट्ट्या बांधून उतारावरून घसरण्याचा खेळ खेळण्यासाठीं शनिवार-रविवारीं डोंगरांत जाऊं लागलीं.

रस्त्याच्या या नव्या सामर्थ्याची साक्ष १९५२ सालीं पटली. त्या वर्षीं १३ जानेवारी रोजीं ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही आलिशान आगगाडी डॉनर खिंडीच्या पश्चिमेस हिमांत रुतून बसली. गाडींत २२६ माणसें होतीं. तीन दिवस तीं तेथेंच अडकून पडलीं. अखेर १६ तारखेस जवळच्या महामार्गाचा कांहीं मैलांचा भाग मोकळा करण्यांत आला, आणि उतारूंना मोटारींनीं जवळच्या विश्रामगृहांत नेण्यांत आलें. ज्या पर्वतावर बैलगाड्या हरल्या तेथें आगगाडी जिंकली होती. आतां त्या आगगाडीच्या उतारूंना सोडविण्यास मोटार आली. पुढें १९६० सालीं याच डोंगरांत हिंवाळी ऑलिंपिक सामने भरले, आणि १९६४ च्या सुमारास रुंद, दुहेरी वाटेचा नवा महामार्ग घाटावरून पुरा झाला. हिंवाळ्यांत हा घाट ओलांडणें हें धाडस न राहतां नित्याचें झालें.

दुसरा बदल मोटारीच्या मालकीचा. मोटार ड्रायव्हरसह भाड्यानें मिळणें ही जुनी गोष्ट. परंतु गाडी दुसऱ्याची आणि ती हांकावयाची आपण, हा व्यवहार नवा होता. १९१६ सालीं ओमाहा शहरांतील जो साँडर्स नांवाच्या गृहस्थानें आपली फोर्ड गाडी अशा रीतीनें भाड्यानें देण्यास आरंभ केला; चाकाला मैल मोजणारें यंत्र लावून तो मैलामागें भाडें घेई, असें सांगतात. १९१८ सालीं शिकागो येथें वॉल्टर जेकब्स नांवाच्या तरुणानें बारा फोर्ड गाड्या घेऊन हाच धंदा मांडला. १९२३ सालीं तो धंदा जॉन हर्ट्झ यांनीं विकत घेतला, आणि त्यांचें नांव पुढें जगभर पसरलें. १९४६ सालीं वॉरन एव्हिस यांनीं डेट्रॉइटजवळच्या विमानतळावर अशा गाड्यांचें दुकान थाटलें. विमानानें उतरावें, तेथेंच गाडी घ्यावी आणि थेट डोंगर गांठावा, अशी सोय झाली. सोय मोठी खरी. परंतु तिच्या पोटांत एक उणीव होती. गाडी घेणारा बहुधा परगांवचा. त्याला ना त्या घाटाची माहिती, ना त्या गाडीची. आणि गाडी देणारा त्या घाटावर त्याच्याबरोबर नसतो.

रस्ता बारमाही झाला म्हणून तो निर्धोक झाला असें नव्हे. एक गाडी घसरून आडवी झाली तर तिच्यामागें शेंकडों गाड्या अडतात, आणि हिम दूर करणारीं यंत्रेंही त्या गर्दीतून पुढें जाऊं शकत नाहींत. म्हणून एकाची निष्काळजी ही सर्वांची आपत्ति ठरते. याच कारणानें सरकारनें साखळीचा विषय खासगी न ठेवतां कायद्याचा केला. कॅलिफोर्नियांत आज त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर साखळ्या, त्यांच्या जोडीचें दुसरें साधन, किंवा हिंवाळी टायर, यांपैकीं कांहीं तरी असलें पाहिजे. दुसऱ्या पायरीवर सर्व गाड्यांना साखळ्या चढविल्या पाहिजेत; अपवाद फक्त चारही चाकांना यंत्राची गति मिळणाऱ्या आणि चारही चाकांवर हिंवाळी टायर असलेल्या गाडीचा, आणि तिनेंही साखळ्या जवळ बाळगल्याच पाहिजेत. तिसऱ्या पायरीवर अपवाद कोणालाच नाहीं. परंतु तशी वेळ येण्यापूर्वीं बहुधा रस्ताच बंद करतात. साखळी-नियमाच्या टापूंत वेगाची मर्यादा ताशीं २५ ते ३० मैल असते. घाटाच्या पायथ्याशीं, रस्त्याच्या कडेला, परवाना घेतलेले कारागीर मोबदला घेऊन साखळ्या बसवून देतात. मात्र साखळ्या विकण्याची किंवा भाड्यानें देण्याची त्यांना मुभा नाहीं. याचा अर्थ असा कीं, वाटसरूनें साखळ्या बरोबर आणल्या असल्या तरच त्यांचा उपयोग.

आतां तिसरा बदल लक्षांत घेतला पाहिजे. तो गाडीच्या शरीराचा. वीडच्या काळचीं उघडीं चाकें हळूहळू पत्र्याच्या कवचाआड गेलीं. जुन्या गाड्यांत यंत्राची गति मागच्या चाकांना मिळे, आणि साखळ्याही मागेंच चढवीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुढच्या चाकांना गति देणाऱ्या लहान गाड्यांचा प्रसार झाला. अशा गाड्यांना साखळी पुढच्या चाकांना बसवावी लागते. परंतु हीं चाकें वळतातही, आणि त्यांच्या आंतल्या बाजूस ब्रेकच्या नळ्या, झोंक सांवरणाऱ्या दांड्या आणि चाकाचा वेग मोजणाऱ्या विद्युत्-तारा अगदीं लगत असतात. साखळी चुकीच्या मापाची असली, सैल बसली किंवा बिनहिमाच्या रस्त्यावर वेगानें चालविली, तर तिचा तुटका तुकडा चाबकासारखा फिरतो आणि त्या सर्वांची मोडतोड करतो. ज्या वस्तूनें पूर्वीं फार तर पत्र्याला पोंचा येई, तिच्यामुळें आतां मोठ्या दुरुस्तीचा प्रसंग येऊं लागला. कित्येक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेंत कारखानदारच साखळी वापरूं नये, किंवा अमुकच जातीची बारीक साखळी वापरावी, असें बजावून ठेवतो.

भाड्यानें गाडी देणाऱ्यांनीं यांतून आपला निष्कर्ष काढला. अमेरिकेंतील पुष्कळ भाडेकरारांत साखळी बसविण्यास मनाई असते, किंवा साखळीमुळें झालेली सर्व हानि गाडी घेणाऱ्यानें भरून द्यावी, असें कलम असतें. कित्येक करारांत नियमभंग झाला तर कंपनीकडून घेतलेलें नुकसानमाफीचें संरक्षणही बाद होतें. हीं कलमें बारीक अक्षरांत, पुष्कळ पानांच्या करारांत असतात. आणि विमानांतून उतरलेला, मुलांबाळांसह उभा असलेला मनुष्य तीं क्वचितच वाचतो. मग पुढचा प्रसंग ओघानेंच येतो. सायंकाळची वेळ, पायथ्याशीं दिवा लुकलुकत आहे, आणि नाक्यावरचा शिपाई सांगतो कीं, साखळ्या चढवा नाहीं तर परत फिरा. रस्त्याचा राखणदार साखळी मागतो, गाडीचा धनी साखळीला मनाई करतो, आणि दोघांच्या मध्यें भाडेकरू उभा राहतो. त्यानें साखळी चढविली तर करार मोडतो. न चढवितां पुढें गेला तर कायदा मोडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कदाचित् प्राणाशीं गांठ पडते.

या पेंचांत दोष कोणाचा? राखणदाराचें म्हणणें चूक नाहीं. घाट सर्वांचा आहे. धन्याचें म्हणणेंही सर्वस्वीं चूक म्हणतां येत नाहीं. अनोळखी मनुष्याच्या हातीं महागाची गाडी, आणि तिच्यावर अंधारांत, गारठलेल्या बोटांनीं, प्रथमच बसविलेली साखळी, हें चित्र त्याला भयानक वाटावें यांत नवल नाहीं. परंतु ज्या कंपनीनें हिमाच्या प्रदेशांत, हिमाच्या दिवसांत गाडी भाड्यानें देऊन पैसा मिळवावा, तिनें हिमावर चालण्याचा मार्ग मात्र दाखवूं नये, हें न्यायाचें दिसत नाहीं. आणि हा पेंच अपरिहार्यही नाहीं, हें दुसऱ्या देशांच्या उदाहरणानें सिद्ध होतें.

युरोपांतील आल्प्स पर्वताच्या प्रदेशांत गाडी भाड्यानें घेतांना जादा आकार देऊन त्या गाडीच्या मापाच्या साखळ्या पुष्कळ ठिकाणीं मिळतात. टेबलापाशीं नोंद करावी आणि गाडीबरोबर पिशवी घ्यावी. वस्तु तीच, चाकें तशींच, धोकाही तोच. मात्र तेथें धन्यानें स्वतः माप पाहून साखळी दिलेली असते. कायदाही तेथें स्पष्ट आहे. जर्मनींत निळ्या वर्तुळांत साखळी चढविलेल्या चाकाचें चित्र दिसलें कीं पुढें साखळ्यांवांचून जातां येत नाहीं, आणि साखळ्या चढविल्यावर वेगाची मर्यादा ताशीं ५० किलोमीटर. फ्रान्समध्यें १ नोव्हेंबर २०२१ पासून डोंगराळ भागांतील नेमलेल्या गांवांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळांत हिंवाळी टायर तरी असावेत किंवा साखळ्या तरी बरोबर असाव्यात, असा नियम झाला आहे. जपाननें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. फेब्रुवारी २०१८ मध्यें फुकुई प्रांतांत एका राष्ट्रीय महामार्गावर सुमारें १,५०० गाड्या हिमांत अडकून पडल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सरकारनें देशांतील १३ ठिकाणचे रस्त्यांचे टप्पे ठरवून दिले. असाधारण हिमवृष्टीचा इषारा झाला म्हणजे तेथें हिंवाळी टायर असले तरीही साखळी चढवावीच लागते. आधुनिक टायर कितीही सुधारला तरी वीडच्या साखळीचें काम संपलेलें नाहीं, अशीच ही सरकारी कबुली होय.

हा विषय हिंदुस्थानांतल्या प्रवाशांना परका राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांतून दरसाल असंख्य कुटुंबें काश्मीर आणि हिमाचल प्रदेश पाहण्यास जातात, आणि त्यांतलीं कित्येक हिंवाळ्यांत, केवळ हिम पाहण्यासाठींच जातात. काश्मिरांत तनमर्गहून गुलमर्गला चढणारा सुमारें १३ किलोमीटरांचा घाट आहे. हिमवृष्टीनंतर तेथें चाकांना साखळ्या असल्यावांचून, किंवा चारही चाकांना गति देणारी गाडी असल्यावांचून, वर सोडीत नाहींत. तेथील टॅक्सीवाले साखळी चढविण्यांत तरबेज असतात. म्हणून पुष्कळ प्रवासी आपली गाडी खालीं ठेवून त्यांच्या गाडीनें वर जातात. मनालीच्या पलीकडे रोहतांगच्या डोंगराखालून गेलेला अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाला. त्यामुळें पूर्वीं हिंवाळ्यांत तुटणाऱ्या लाहौल खोऱ्याकडे जाणें सुलभ झालें. परंतु बोगद्याच्या दोन्ही तोंडांकडील रस्त्यांवर हिम पडावयाचें तें पडतेंच. स्वतः हांकावयाची भाडोत्री मोटार आतां आपल्या शहरांतही मिळूं लागली आहे. सिएरा नेव्हाडांत जो पेंच उत्पन्न झाला, तो हिमालयांत उत्पन्न होऊं नये अशी इच्छा असेल, तर त्याचा विचार पायथ्याशीं पोंचण्यापूर्वींच व्हावयास पाहिजे.

या इतिहासावरून घेण्याजोगा बोध थोडक्यांत असा आहे. हिमाच्या प्रदेशांत गाडी भाड्यानें घेणाऱ्यानें रंग आणि बैठक पाहण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्यात. गाडीवरील टायर हिंवाळी आहेत काय? ते ओळखण्याची खूण सोपी आहे. १९९९ सालापासून खऱ्या हिमयोग्य टायरच्या बाजूस तीन शिखरांचा पर्वत आणि त्यांत हिमाचा कण, असें चिन्ह असतें. दुसरें, या गाडीला साखळी चालते काय, आणि चालत असल्यास कोणत्या मापाची? टायरच्या बाजूवर छापलेले आंकडे साखळीच्या पेटीवरील आंकड्यांशीं जुळले पाहिजेत. तिसरें, साखळीविषयीं करारांत काय लिहिलें आहे? तोंडी आश्वासन नाक्यावर कामास येत नाहीं. जें असेल तें लेखी घ्यावें. साखळीला मनाई असेल, तर त्या गाडीनें हिमघाट चढण्याचा बेत सोडावा आणि आगगाडी, बस किंवा स्थानिक टॅक्सी पत्करावी. साखळी चालत असेल, तर ती एकदां कोरड्या जागीं, दिवसाउजेडीं, चढवून आणि उतरवून पाहावी. चढविल्यावर थोडें अंतर जाऊन पुन्हां आंवळावी. आणि हिम संपतांच काढून ठेवावी. साखळीमुळें घाट चढतां येतो, म्हणून घाईनें उतरतां येतो असें मात्र कोणीं समजूं नये.

१८४६ सालच्या त्या तांड्याला विचारण्यास कोणी नव्हतें, आणि विचारलें असतें तरी देण्यासारखें साधन कोणाजवळ नव्हतें. आजच्या प्रवाशाजवळ साधन आहे, नियम आहे, आणि विचारण्यास माणूसही आहे. उणीव आहे ती एवढीच कीं, रस्त्याचा राखणदार आणि गाडीचा धनी एकमेकांशीं बोलत नाहींत. तें बोलणें घडवून आणणें हें कायद्याचें काम आहे, आणि कित्येक देशांत तें अजून व्हावयाचें आहे. तोंवर हिमघाट चढूं इच्छिणाऱ्यानें तें काम आपल्या शिरावर घ्यावें, आणि घाटाच्या पायथ्याशीं नव्हे, तर गाडीची किल्ली हातीं घेण्यापूर्वींच तें उरकावें.